जेवणारं रक्त

"रक्त जितं राह्यते, बापा! नळीत ठेवलं तरी जेवते," असं म्हणत ते माझ्या हातातली काचेची नळी हिसकावून घ्यायचे. मेहकरच्या एका दवाखान्यात ते रक्त तपासायचे आणि मी कंपाउंडर होतो. कामावर जीव लावणारी आणि त्यापायी दुसऱ्याचा जीव खाणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. काढलेलं रक्त तसंच ठेवलं, तर त्यातल्या पेशी साखर खाऊन टाकतात, हे त्यांचं लाडकं पुराण. पांढऱ्या पेशींचं तर भारीच कौतुक. "रोगाशी लढतात त्या. शिपायाले भाकर नको का?"

पेशी किती खातात हे ते रोज स्वतःच्या रक्तावर मोजत. दोन नळ्या भरायच्या. एक लगेच तपासायची, दुसरी जेवण झाल्यावर. औषध घालून उकळलं की साखर असेल तितका निळा रंग यायचा. दुसरीचा रंग जरा फिका निघाला की स्वारी खूश. "जेवले पोट्टे!" म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

एका उन्हाळ्यात दुसऱ्या नळीला रंगच येईना. दुपारच्या उन्हानं बिघडलं म्हणून त्यांनी औषधाला नावं ठेवली, बाटली मोरीत ओतली, नवं औषध केलं. पुन्हा तेच. दोष आपल्या रक्तात असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी माझं रक्त तसंच ठेवून तपासलं. त्याला छान निळा रंग आला आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी बोट टोचलं, थेंब काचेवर पसरवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग मान वर केली.

"औषध चांगलं हाय. खाणारेच लय झाले. जिकडं पाहा तिकडं पांढऱ्याच."

"मग बरंच की! शिपाई वाढले," मी म्हणालो.

"हे लढणारे नाहीत, बापा. रक्ताचा कॅन्सर हाय हा."

नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. मला भयंकर राग आला, पण कुणावर काढणार?

बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्यांनी रोगाचं नाव सांगितलं नाही. रक्तातली साखर कमी पडते, एवढंच म्हणाले. ती माउली डब्यात रोज शिरा देऊ लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, घास गिळवत नसे, तरी ते डबा रिकामा करूनच घरी जात. दिवाळीच्या आधी ते गेले.

तेरवीला मी त्यांच्या गावी, वरवट बकालला गेलो. वहिनी दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, म्या कधी हात आखडला नाही. रोज शिरा देत होती. मंग साखर कमी काऊन पडली त्यायले?"

उत्तर मला ठाऊक होतं. "वहिनी, डबा ते रोज रिकामा करत होते," एवढंच मी म्हणालो.