शहाबादीवरची ओली पावलं

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. वेळ मिळाला नाही असं म्हणायला तोंड नाही, निवृत्त माणसाकडे दुसरं असतं काय? धीर झाला नाही, एवढंच. आता भूपालला जाऊन महिना होत आला. ज्याच्यासमोर बोलायचं तोच नाही, म्हणून निदान त्याला ओळखणाऱ्यांसमोर बोलतो.

तो गेल्याचं सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर कळलं. काही दिवसांनी आम्ही मैदानाच्या कट्ट्यावर त्याच्यासाठी जमलो. सगळे भरभरून बोलले. शेवटी एकजण डोळे पुसत पुसतच हसला आणि म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. पण अनवाणी पळायला लावून आपल्या पैलवानाचा पाय मोडला बघा त्यानं!" सगळे मायेनं हसले. तो पैलवान मी. मी तिथंच बसलो होतो… आणि त्याही दिवशी गप्प राहिलो.

भूपालचं पेठेत भांड्यांचं दुकान. घर जैन, सगळं रीतीनं चालणारं. साठीच्या आसपास एकदा तो मुनिमहाराजांच्या विहारात गडमुडशिंगीपासून पुढच्या गावापर्यंत अनवाणी चालला. महाराज गावोगाव पायी जातात, आणि पायाखाली जीव सापडू नये म्हणून पुढची जमीन बघत पाऊल ठेवतात. मागून चालणाऱ्या भूपालला नवल वाटलं ते आवाजाचं. थकलेलं शरीर, डांबरी रस्ता, आणि पाऊल टेकल्याचा आवाजच नाही. "मी बूट घालून चालतो तर म्हस आल्यागत वाटतंय," तो मला म्हणाला. पुढच्या आठवड्यात गडी मैदानावर अनवाणी हजर. मी विचारलं, "दीक्षा घेणार काय रं?" तर म्हणाला, "महाराज चालत्यात. मी दुकानदार हाय, मला जरा घाई असती." आणि हळूच पळायला लागला.

हळूच हा शब्द महत्त्वाचा. आधी तो कितीतरी दिवस नुसता चालला. मग थोडं पळायचा, थांबायचा, बसून तळवे बघायचा. पोटऱ्या भरून आल्या की दुसऱ्या दिवशी विश्रांती. आमच्यातले काहीजण हसायचे, पण वर्षभरात तोच माणूस मैदानाला फेऱ्या मारताना असा दिसू लागला की हसणारेच विचारायला गेले. पाऊल पुढं फेकायचं नाही, ते आपल्या अंगाखालीच टेकायचं. पावलं आखूड ठेवायची. चवड्यावर हलकं उतरायचं आणि टाच मागून नुसती शिवून घ्यायची. गुडघे सैल, मान वर. सांगायला एवढंच. पण ते अंगात भिनवायची त्याची एक तऱ्हा होती. त्याच्या घरामागं शहाबादी फरशीचं लांबट अंगण आहे. तिथं नळाजवळ पाण्याची बादली ठेवलेली असायची. पाय भिजवायचे, अंगण पळत ओलांडायचं आणि मागं वळून आपलीच पावलं बघायची. पाय घसटत पडला असेल तर ठसा फराटलेला दिसायचा. भूपालचे ठसे मात्र शिक्का मारल्यासारखे.

माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा मीही गेलो. तरुणपणी मी तालमीत घुमलेला. पाय आपटून पळणं म्हणजे ताकद, हेच मला ठाऊक. पहिल्या खेपेला अंगण ओलांडून मागं बघितलं, तर फरशीभर नुसते ओघळ. भूपाल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पैलवान, जमिनीनं तुझं काय घोडं मारलंय?" स्वयंपाकघरातून कमलवहिनी ओरडल्या, "भावजी, सावकाश! फरशी जुनी हाय आमची!" असं हसत-खेळत चाललं होतं. त्याची अट एकच. "मी सांगेपर्यंत मैदान सोडायचं न्हाय. रस्त्यावर अनवाणी पळायचं न्हाय. दम लै हाय तुझ्यात, पण पायाची हाडं बुटाच्या सवयीची हायती. त्यास्नी दम खाऊ दे."

मी मान डोलावली. पण मैदानावर जुने गडी भेटायचे आणि टोमणे मारायचे, "पैलवान, आजून बालवाडीतच?" एका रविवारी भूपाल बाहेरगावी गेलता. मी अनवाणीच रंकाळा तळ्यावर गेलो आणि डांबरावरून, जुन्या तालमीच्या तोऱ्यात, पूर्ण फेरी मारली. लोक बघत होते. मला बरं वाटलं. संध्याकाळी पावलाचा वरचा भाग ठणकू लागला. तेही लपवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा तिथंच पळालो. मग पाय टेकवेना. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर पडली आहे.

घरी मुलगा संतापला. "या वयात हे कुणी करायला सांगितलं?" मी म्हणालो, "भूपालनं." एकच शब्द. तो तोंडातून इतका सहज निघाला की मलाच खरा वाटला. मुलगा तडक दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला नको नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी भूपाल माझ्या घरी आला. मी प्लॅस्टर घालून पलंगावर, मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा. भूपालनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलेन म्हणून तो थांबला असावा. मी पंख्याकडं बघत राहिलो. मग तो मुलाकडं वळला आणि म्हणाला, "बाळा, चुकलं माझं. माझ्याकडं शिकायला आलता, लक्ष मीच ठेवायला पायजे होतं."

गोष्ट मैदानभर झाली. अंगणात येणं लोकांनी बंद केलं. मैदानावर येणाऱ्या बायकांच्या गटात त्यानं शिकवलेल्या दोघीतिघी होत्या, त्यांनाही घरच्यांनी थांबवलं. भूपालनं कुणाला काही समजावलं नाही. तो एकटा पळत राहिला, इतका हलका, की शेजारून गेला तरी कळायचं नाही. मला दिसला की हात वर करायचा. कुठं कडवटपणा नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तो अंथरुणाला खिळल्यावर एकदाच गेलो, ठरवून गेलो. चादरीबाहेर त्याचे पाय होते. इतकी वर्षं अनवाणी पळलेले तळवे, पण भेग नाही. त्यानं विचारलं, "पळतोस?"

"चालतो. मैदानावर. अनवाणी."

"आवाज येतोय?"

"न्हाय."

"मग झालं की," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात कमलवहिनी दूध घेऊन आल्या…

कट्ट्यावरच्या त्या सभेनंतर मी त्याच्या घरी गेलो. वहिनी आत पाहुण्यांत होत्या. मी मागच्या अंगणात गेलो. नळाजवळ बादली भरलेली होती. कोण भरतं, विचारलं नाही. चपला काढल्या, पाय भिजवले आणि या वयात जमेल तेवढं पळत अंगण ओलांडलं. मागं वळून बघितलं. ठसे स्वच्छ होते. दाखवायला वर बघितलं, तर दारात कुणी नव्हतं.

भूपाल, तू मैदान सोडू नको म्हणाला होतास. मी सोडलं. पाय माझा मी मोडला. 'चुकलं माझं' हे त्या दिवशी मी म्हणायचं होतं. माझ्या घरात, माझ्या मुलासमोर ते तू म्हणालास, आणि मी पलंगावर पडून ते ऐकून घेतलं.