वसुधाच्या पत्रांचा शेवटचा परिच्छेद

वसुधा गेल्याचं मला सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या एका भाजीच्या दुकानात, कढीपत्त्याची जुडी निवडताना कळलं. शनिवार होता, सकाळचे साडेदहा. तिच्या मुलाचा, अमेयचा मेसेज दोन ओळींचा होता. आई काल मलावीत गेली, मलेरियाने. मी आज निघतोय. मी जुडी परत ठेवली, एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, घरी आले आणि चाळीस मिनिटांत तिच्यावर दीडशे शब्द लिहून इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या सगळ्या सभासदांना पाठवले. पुण्यातल्या एका दैनिकात मी अठरा वर्षं उपसंपादक होते. माणूस गेलं की आधी मजकूर, मग बाकीचं, ही सवय तिथली. त्या दीडशे शब्दांत एक वाक्य होतं... 'आफ्रिकेतल्या मुलांमध्ये ती शेवटपर्यंत आनंदात होती.' ते खोटं होतं. ते खोटं आहे हे सांगणारी सात पत्रं माझ्याच फोनमध्ये होती, आणि ती सातही मी वाचलेली होती.

आमची ओळख ईस्ट कोस्टच्या बागेतली. दोघी रविवारी सकाळी समुद्राच्या कडेने चालायचो आणि मग खाण्याच्या स्टॉलच्या हॉकर सेंटरमध्ये बसायचो. ती एका बँकेच्या हिशेब खात्यात होती. अमेय दहावीत असतानाच तिचा नवरा गेला. तिने एकटीने त्याला शिकवलं, आणि पुढे त्याच्या बुकित तिमाहच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. फ्लॅटमध्ये तिला स्वतःची खोली होती, याचा तिला अभिमान होता. वसुधा कुणाकडे सरळ काही मागायची नाही. चहा हवा असला की म्हणायची, "चार वाजले वाटतं." माझी छत्री हवी असली की आभाळाकडे बघायची. मी तिला चिडवायचे, "अगं, तोंड उघडून माग की. देवाने दिलंय ना?" ती म्हणायची, "ज्याला द्यायचंय त्याला कळतं." अमेयच्या घरात हीच रीत होती. आईला काय हवंय ते आईच्या बोलण्याच्या आजूबाजूने ओळखायचं. अमेयला ते जमायचं, हेही इथे नोंदवायला हवं.

साठीला निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी तिने मला हॉकर सेंटरच्या टेबलावर सांगितलं की एक संस्था निवृत्त माणसांना आफ्रिकेतल्या खेड्यांत दोन वर्षं शिकवायला पाठवते आणि तिने अर्ज केलाय. गणित शिकवायचं होतं. मी म्हटलं, "लोक साठीला गुडघे बदलतात. तू खंड बदलतेस?" ती म्हणाली, "तिकडे लिफ्ट नाही. गुडघे आपोआप वळणावर येतील." मंडळाने तिला एका कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये निरोप दिला. शाल, श्रीफळ, सहा भाषणं. अमेयने सगळ्यांसमोर सांगितलं की मला आईचा अभिमान वाटतो. मंडळाचं मासिक पत्रक मी काढते, आठ पानांचं. 'वसुधाची पत्रं' हे सदर दर महिन्याला छापायचं मीच तिथे जाहीर केलं. टाळ्या पडल्या. अशा टाळ्या घेऊन गेलेल्या माणसाला चार महिन्यांत परत येणं अवघड असतं, हे त्या खोलीतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

तिच्या गावात वीज नव्हती आणि फोन लागायचा तो शाळेमागच्या टेकाडावर, तोही तुटत तुटत. महिन्यातून एकदा ती ट्रकच्या मागे बसून बाजाराच्या गावी जायची आणि तिथून हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो मला पाठवायची. पत्रक मी तिला ईमेलने पाठवत असे. ते तिच्या फोनवर कधीच उघडलं नाही. "राहू दे," ती म्हणायची, "माझंच लिहिलेलं मी काय वाचू? अमेय वाचतो ना, झालं." म्हणजे मी काय छापते ते तिने एकदाही पाहिलं नाही.

मी काय छापत होते, तर वरचा भाग. वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की शेवटचे परिच्छेद उडवायचे, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि हाताला ते कायमचं लागतं. तिच्या पत्राला पत्रकात अर्धं पान होतं, खालचं अर्धं एका डबेवाल्या बाईंच्या जाहिरातीचं. पत्र नेहमी दोन-तीन परिच्छेद जास्त भरायचं. वसुधा पत्र लिहायची तशी, जशी तिच्या पिढीतली बाई लिहिते. आधी हवापाणी, मग गंमती, मग सगळ्यांची चौकशी, आणि जे सांगायचं ते अगदी शेवटी, सहीच्या वर. बातमीच्या उलट. हे मला कळायला हवं होतं. माझी स्वतःची आई तशीच पत्रं लिहायची.

दुसऱ्या पत्रात तिने वर्गातला एक प्रसंग लिहिला. एका खोलीत नव्वद मुलं, खडू मोजून मिळणारा. वजाबाकी शिकवायला तिने बाजारातून शेंगदाणे आणले आणि प्रत्येक मुलाला वीस दाणे मोजून दिले. विसातून सात काढा, किती उरले? कुणाकडे पाच उरले, कुणाकडे दोन, पहिल्या बाकावरच्या मुलीकडे काहीच नाही. दाणे पोटात गेले होते. मुलगी उभी राहून गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, शून्य." मी शीर्षक दिलं 'दाण्यांची वजाबाकी'. मंडळाच्या बैठकीत ते मोठ्याने वाचलं गेलं आणि लोक डोळे पुसेपर्यंत हसले. त्याखालचा परिच्छेद मी काढला होता. त्यात लिहिलं होतं की नवं पीक यायला दोन महिने आहेत, गावात घरोघरी चूल एकदाच पेटते, आणि आपण त्या मुलांना खाण्याची वस्तू मोजायला दिली याची लाज वाटून ती दोन दिवस वर्गात मान वर करू शकली नाही. पान रविवारी सकाळी चहाबरोबर वाचलं जातं, तिथे भूक नको, असा विचार मी तेव्हा केल्याचं मला स्पष्ट आठवतं.

तिसऱ्या पत्राचा शेवट असा होता. 'अमेयला माझी खोली लागत असेल तर कपाट रिकामं करून घे म्हणावं. साड्या कुणाला दिल्या तरी चालतील. मी काही लगेच येत नाही. तशी आले तरी हॉलमध्ये झोपेन.' ज्याला वसुधा माहीत आहे त्याला हे वाक्य म्हणजे काय ते लगेच कळेल. माझी खोली अजून आहे का, मी परत येऊ का, असं ती विचारत होती. मुलाला फोनवर विचारणं तिला जमणार नव्हतं, म्हणून तिने ते अशा ठिकाणी लिहिलं जिथे तो वाचेल आणि नेहमीसारखं ओळखेल. मी टाइप केलेल्या मजकुराच्या समासात 'खासगी' असं लिहिलं आणि कापलं.

पाचव्या पत्रात, शेवटी, 'ताप येऊन गेला. दोनदा. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुझी मुलं कुठे असतात. मी म्हटलं, जवळच. दिवाळीत इकडून तिकिटं मिळतात की नाही कोण जाणे.' कापलं. सहाव्यात, शेवटी, 'अमेयचा फोन आला होता. पत्र वाचलं म्हणाला. दाण्यांची गोष्ट अजून आठवून हसतो. बाकी काही बोलला नाही. म्हणजे मी समजले. त्याचंही बरोबर आहे, त्याला त्याचा संसार आहे.' हेही मी वाचलं, आणि कापलं. माझ्यासमोर दोन माणसं एकमेकांशी बोलायचा प्रयत्न करत होती आणि मधल्या तारेवर मी बसले होते. मला त्यात दिसलं ते एवढंच, की मजकूर सात ओळींनी जास्त आहे.

सातव्या पत्राला शेवटचा परिच्छेद नव्हता. नव्या फळ्याबद्दल लिहिलं होतं, पाढे म्हणणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं, आणि खाली सही. पत्र अर्ध्या पानात नेमकं बसलं. मला बरं वाटलं. मी तिला मेसेज केला, 'आता तुला जागेचा अंदाज आला बघ.' तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यानंतर एकोणीस दिवसांनी तिला पुन्हा ताप भरला, जिल्ह्याच्या दवाखान्याकडे नेताना पावसाने रस्ता बंद झाला होता, आणि ती गाडीतच गेली. तिच्या मुख्याध्यापकांनी अमेयला हे कळवलं. आदल्या दिवशीपर्यंत ती शिकवत होती, असंही.

अमेय अस्थी घेऊन परतल्यावर शोकसभा झाली, त्याच फंक्शन रूममध्ये, पाचपर्यंत बुक केलेली. मी माझ्याच छापलेल्या पत्रांतले उतारे वाचले. दाण्यांच्या गोष्टीला लोक पुन्हा हसले, यावेळी रडत. एक गृहस्थ म्हणाले, "असं समाधानी मरण भाग्याने मिळतं." अमेयची नऊ वर्षांची मुलगी इरा माझ्या शेजारी बसली होती. तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत दुजोरा दिला, "आजी ऑल्वेज हॅपी देअर, ला." मग अमेय उठला आणि म्हणाला, "आई फोनवर फक्त 'मजेत' एवढंच म्हणायची. ती खरंच खूश आहे हे मला काकूंच्या पत्रकामुळे कळायचं. मी तिला एकदाही ये म्हटलं नाही, कारण ते वाचून वाटायचं, तिला तिथून ओढून आणणं हा स्वार्थ होईल. काकू, थँक यू."

मी घरी आले आणि मूळ पानं पहिल्यापासून वाचली. या वेळी खालून वर. वाचायला अर्धा तास लागला. ती परत आली असती तर जगली असती, असं मी म्हणत नाही. तो हिशेब कुणालाच करता येणार नाही. पण आपल्या मुलाने वाचून उत्तर दिलं नाही, असं मानून ती शेवटचे दोन महिने जगली. हे मी केलं.

अमेयला सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. न सांगितलं तर त्याच्याकडे आनंदी आई राहत होती. सांगितलं तर ती जाणार होती, आणि बदल्यात मिळणार होती ती त्याला हाक मारून थकलेली बाई. पण तिने ते परिच्छेद त्याच्यासाठी लिहिले होते. माझ्याकडे ते ठेवण्याचा हक्क नव्हता. मी सगळी पानं छापून बुकित तिमाहला गेले. त्याने डायनिंग टेबलावर बसून वाचली. सहाव्या पत्राशी थांबला.

"काकू, म्हणजे तिला वाटलं मी हे वाचलंय?"

"हो."

"आणि वाचून गप्प बसलो?"

"हो."

त्याने ते पान बाकीच्या पानांवर ठेवलं. मग म्हणाला, "एक फोन करायचा होतात मला... तुमच्याकडे नंबर होता."

"मला तो मजकूर वाटला," मी म्हटलं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

तो ओरडला नाही. उठला आणि म्हणाला, "या." पॅसेजच्या टोकाची खोली उघडली. पलंगावर इस्त्री केलेली चादर होती. खोलीत दुसऱ्या कुणाचंही काही नव्हतं. त्याने कपाट उघडलं. सिंगापूरच्या दमट हवेत बंद कपाटातल्या कपड्यांना महिन्याभरात बुरशी धरते, म्हणून इथे घरोघरी कपाटात ओलावा शोषणारा प्लॅस्टिकचा डबा ठेवतात. तो पाण्याने भरला की बदलायचा. वसुधाच्या साड्यांच्या खाली तसा डबा होता आणि त्याच्यावर मार्करने तारीख घातलेली होती, अमेयच्या अक्षरात. ती मलावीला गेल्यापासून दर महिन्याला तो हे करत होता. साड्यांवर एकही डाग नव्हता. डबा काठोकाठ भरला होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून बाथरूममध्ये नेला, पाणी ओतलं, नव्या डब्याचं झाकण सोललं, त्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि तो साड्यांखाली सरकवून ठेवला.