उस्तादाच्या भट्टीला लाल चिठ्ठी

डोरीन हलायको कुणाच्याही घरी गेली की दारातच बर्फाचे बूट उतरवायची, पिशवीतले आईनं विणलेले लाल लोकरी मोजे पायांत चढवायची आणि थेट तळघराच्या जिन्यावर जाऊन बसायची. हत्यारांच्या पेटीला हात लावायची नाही. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. आधी गॅसची टिक, मग ज्योत पेटल्याचा फुस्स, मग मोठ्या पंख्याची घरघर. नाटकातल्या नटांनी ठरल्या क्रमानं प्रवेश करावा तसे हे आवाज यायला हवेत. एखादा उशिरा आला की डोरीनची मान तिरकी झालीच.

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या सपाट पांढऱ्या मुलखात जानेवारीत तळघरातली, घर उबदार ठेवणारी भट्टी विझणं म्हणजे घर विझणं. बेरेझा गावातल्या दोनशे दहा घरांची ऊब या एका बाईच्या कानांवर चालायची.

सदतीस वर्षांपूर्वी ती शाळेत झाडलोट करायची. गावचा भट्टीवाला हॅरी सवाचुक यानं तिला हाताखाली घेतलं, तेव्हा दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर हशा पिकला. "हॅरी, भट्टी बिघडली की ही काय झाडूनं मारणार तिला?"

हॅरी म्हणाला, "शाळेच्या भट्टीचा पंखा जाणार, हे हिनं आठवडाभर आधी ओळखलं, नुसत्या आवाजावरून. तुम्हाला तर बायकोची हाक ऐकू येत नाही. कॉफी प्या."

त्यानं तिला आपल्याच तळघरात, आपल्याच भट्टीवर शिकवलं. ज्योत निळी हवी, आणि पंखा सुरू झाला तरी ती ढळता कामा नये. ढळली तर समजायचं, आतला पत्रा चिरलाय. मग घरात शिरतो तो वायू, ज्याला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस उठत नाही. अशा वेळी गॅस बंद करायचा आणि ही भट्टी पुन्हा पेटवायची नाही, अशी लाल चिठ्ठी लावायची. "घर कुणाचंही असो, पोरी. आणि बादली बघितल्याशिवाय वर यायचं नाही."

बादलीची गोष्ट अशी, की भट्टीला जळायला हवा लागते. ती आणणारा जाड नळ भिंतीतून आत येतो आणि त्याचं तोंड जमिनीवरच्या बादलीत सोडलेलं असतं. पण उणे पस्तीस अंशांना त्या नळातून जो गारठा येतो, त्यानं पोटऱ्या कळवळतात. मग शहाणीसुरती माणसं त्यात जुनं काहीतरी कोंबतात. डोरीननं आजवर त्या नळांतून एकोणीस स्वेटर, दोन उशा आणि एकदा खुद्द पाद्रीबाबांचा कोट ओढून काढला होता.

गेल्या जानेवारीत एका सकाळी हॅरीच्या बायकोचा, नेटीचा, फोन आला. "डोरीन, येतेस का गं? रविवारपासून आमची दोघांची डोकी दुखतायत. ताप तर नाही."

"कोट घाला आणि दारं-खिडक्या उघडा. आत्ता."

"अगं, बाहेर उणे चौतीस आहे!"

"उघडा, नेटी!"

ती पोचली तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा हॅरी कोट-टोपी घालून दारात धुमसत होता. "घर उघडं टाकायला कोण मेलंय इथं?"

"अजून कुणी नाही, बॉस. म्हणूनच."

डोरीन जिन्यावर बसली. हॅरी तिच्या वरच्या पायरीवर. टिक झाली. फुस्स व्हायला फार वेळ लागला. तिनं पुढचा पत्रा काढून वाकून पाहिलं.

"निळी आहे," हॅरी वरूनच म्हणाला.

"पिवळी आहे, बॉस."

"डोळे तपासून घे."

"मोतीबिंदू तुमच्या डोळ्यांत आहे."

पंखा सुरू झाला आणि ज्योत एकदम वाकली, थरथरली. मग डोरीननं बादली ओढली. नळात काहीतरी घट्ट बसलं होतं. ओढता ओढता बाहेर आलं ते निळं कामाचं जाकीट. खिशावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं नाव होतं: हॅरी.

डोरीननं ते हॅरीसमोर धरलं.

"नेटीचं विणायचं यंत्र इथंच असतं," हॅरी खाली बघत म्हणाला. "तिचे गुडघे गार पडतात."

"आणि विषारी वायूचा अलार्म? त्यात बॅटरी नाही."

"रिमोटमध्ये घातली. हॉकीची मॅच होती."

डोरीनचा हात गॅसच्या कॉकवर गेला आणि थांबला. बेचाळीस वर्षांपूर्वी हॅरीनं ही भट्टी स्वतःच्या हातांनी बसवली होती. भट्टी कशी बसवावी हे बघायला लोक इथं यायचे. इतक्या जुन्या भट्टीचा आतला पत्रा आता कुठं मिळणार? हा कॉक फिरला की हॅरीची ही कमाई कायमची विझणार होती, आणि विझवणारी ती. हॅरी पुन्हा तिच्याशी बोलेल की नाही, कोण जाणे.

तिनं कॉक फिरवला. लाल चिठ्ठी लिहिली, सही केली, भट्टीला बांधली.

हॅरी कठडा धरून उठला. "माझ्या घरात? मला लाल चिठ्ठी?"

"घर कुणाचंही असो," डोरीन म्हणाली.

म्हातारा एक एक पायरी उतरून खाली आला. चिठ्ठी नाकाशी धरून त्यानं वाचली, उलटून पाहिली.

"तारीख नाही घातलीस," तो म्हणाला. "तारखेशिवाय चिठ्ठीला अर्थ नाही. किती वेळा सांगितलंय तुला?"

तिनं तारीख घातली. वरून नेटी ओरडली, "मिटलं असेल तर चला बाई, माझं नाक गोठलं!"

दोन दिवस दोघं डोरीनकडेच राहिले. तिच्या बीटच्या सूपमध्ये मीठ कमी आहे, हे हॅरीनं चार वेळा सांगितलं. तिसऱ्या दिवशी नवी भट्टी बसली. तिला बादली लागत नाही, बाहेरची हवा नळातून थेट पोटात घेते. हॅरी पूर्ण वेळ जिन्यावर बसून होता आणि एकदाही मधे बोलला नाही, हे नेटी अजून लोकांना नवल म्हणून सांगते.

त्याच आठवड्यात कॉफीच्या टेबलावर कुणीतरी टोमणा मारलाच. "काय हॅरी, चेलीनंच तुझी भट्टी विझवली म्हणे!"

हॅरीनं शर्टाच्या खिशातून ती लाल चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केली.

"खाली सही करणारीचं नाव आहे, ते वाच," तो म्हणाला. टोमणा मारणारा तोंडातल्या तोंडात वाचू लागला. "असं पुटपुटू नकोस. मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."