हात लावून तं पाह्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

मी आयसीयूत डॉक्टर आहे. जानेफळच्या एक आजी आमच्याकडे होत्या. न्यूमोनिया, खोकल्याची सारखी ढास. पडून असल्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन चालू होतं. दुपारी मला म्हणाल्या, "डाक्टर, पोटात गोया आला." दम लागलेला, तरी हसल्या — "ह्या वयात पोट्टं तं नाही ना रे बाप्पा? हात लावून तं पाह्य."

मी जळगाव जामोदचा. आमच्याकडे पोटात गोया, म्हणजे गोळा, आला की गॅसच समजतात. लहानपणी माझी आई बेंबीला हिंग लावून पोट चोळायची. शेजारच्या बेडचा अलार्म वाजत होता — पण खरं सांगू? तेवढी घाई नव्हती. पांघरूण बाजूला करायला कितीसा वेळ लागतो? मी नाही केलं. गॅसचं औषध लिहिलं. त्यांचा मुलगा विलास दाराशी उभा होता. म्हणाला, "सर, हिंग लावून चोळून देऊ काय?"

"दे की," मी म्हणालो.

रक्त पातळ असलं की नुसत्या खोकल्यानेही पोटाच्या स्नायूत नस फुटते, रक्त साचतं. हाताला गोळाच लागतो, आणि चोळलं तर रक्त आणखी वाहतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

संध्याकाळी बीपी कोसळलं तेव्हा पांघरूण काढलं. बेंबीच्या उजवीकडे जांभळा फुगवटा — आणि हिंगाचा वास. इंजेक्शन बंद केलं, रक्त चढवलं. आजी वाचल्या नाहीत.

"पोट कुणी चोळलं?" मोठ्या सरांनी विचारलं. "मी," विलास म्हणाला. माझ्याकडे पाहिलं त्याने, पण माझं नाव नाही घेतलं. मी शेजारीच होतो — गप्प.

पुढे एकदा मेहकरच्या बसस्टँडवर भेटला. हट्टाने चहा पाजला. मग कपाकडे बघत म्हणाला, "सर, माय माह्याच हातानं गेली."

तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणालो, "वय झालं होतं रे." आणि त्याचा चहा पिऊन बसमध्ये चढलो.

गोळा त्याचा हात लागण्याआधीच होता. चोळायला मीच सांगितलं होतं. आणि आजींनी सांगूनही मी हात लावला नव्हता. एवढं विलासला सांगायचं अजून राहिलंय.