नवे दात

रस्ता रुंद करायला आमच्या शेजारच्या दत्तूकाकांचं घर पाडायचं ठरलं. सकाळपासून जेसीबी भिंती ढकलत होता, पण जोत्यापाशी येऊन अडला. बकेटचे दात झिजून बोथट झाले होते, दगडावरून नुसते घसरत होते. अर्धं घर तसंच उभं राहिलं, आतली पोपटी भिंत आणि देवांचा कोनाडा रस्त्यावरच्या सगळ्यांना दाखवत.

ड्रायव्हरने पेटीतून नवे दात काढून मातीत मांडले. काही रुंद होते, काही टोकदार. कुठले लावावेत म्हणून तो घुटमळला.

"टोकदार लाव," दत्तूकाका म्हणाले. ते गवंडी, घर त्यांनीच बांधलेलं. "रुंद दात मातीत चालतात. इथं खाली काळा दगड आहे."

मग एकेक दात त्यांनीच धरून ठेवला आणि ड्रायव्हरने हातोड्याने पिना ठोकल्या. बघताना मला वाटलं, मोडायचंच आहे म्हटल्यावर माणूस निदान धार तरी मागतो. अर्धवट मोडलेलं बघत बसण्याइतकं निर्दय काही नसावं.

काकू रस्त्यापलीकडे बोचक्यावर बसल्या होत्या. मशीनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या काकांच्या हातांकडे बघत होत्या.

पहिल्याच घासाला कोपऱ्याचा दगड अखंड उपटून आला.

"बरोबर बसलेत," काका समाधानाने म्हणाले आणि वळले. काकू बोचकं उचलून एकट्याच चालू लागल्या होत्या. काकांनी हाक मारली. काकू थांबल्या नाहीत.