आकाश दिसणारं छप्पर

बांबूचे चार खांब, आठ आडवे वासे, सुतळीच्या बत्तीस गाठी. सगळं माझ्या हातचं, बघून बघून शिकलेलं.

मंडळी, उद्यापासून सुक्कोथ, आम्हा ज्यूंचा आठवडाभर झावळ्यांच्या झोपडीत, म्हणजे सुक्कात, जेवायचा सण. आज सिनेगॉगच्या अंगणात युवा गटाच्या मुलांनी त्या सांगाड्यावर झावळ्या रचल्या, इतक्या दाट की आकाशच दिसेना.

"उतरवा. सुक्कामधून चांदण्या दिसल्या पाहिजेत."

"अंकल, पाऊस आला तर?" रिव्का म्हणाली.

"भिजू. मी मंडपवाला नाही."

मुलं हिरमुसली, पण पुन्हा भिडली. दिवेलागणीपर्यंत छप्पर बिनचूक झालं आणि रिव्का फोटो काढत सुटली.

निघताना तिचे वडील म्हणाले, "डेव्हिडभाऊ, पुढच्या वर्षी मुलांचा क्लास नको बुडायला. तुम्हीच पूर्ण बांधा, दहा हजार देतो."

तुम्ही घेतले असते? मी दहा हजारांना नाही म्हटलं; सुक्का बांधायला मुलांनीही बघून बघूनच शिकायचं.