गिरणीवाल्या बिरूचं ‘बराबर’

मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला बिरू जाफराबादला गिरणीत दळतो. दहाव्या वर्षी डोळे गेले, पण पडतं पीठ चिमटीत चोळून त्यानं ‘बराबर’ म्हटलं, की बाया डबा बिनघोर उचलतात.

बुद्धिबळातही त्याची तीच खोड. आंधळ्यांच्या पटावर घराघरात भोक असतं, मोहऱ्याला खाली खुंटी. चाल मोठ्यानं बोलायची, खुंटी भोकात बसवायची, मंग घड्याळ दाबायचं. बिरू खुंटी चाचपून ओठातल्या ओठात म्हणायचा, ‘बराबर’.

जालन्यातल्या अंध खेळाडूंच्या निवड स्पर्धेचा शेवटचा डाव होता. समोर कोल्हापूरचा राजानंद, अर्ध्या गुणानं पुढं. राज्याच्या संघात जागा एकच. डाव बरोबरीत सुटला तरी राजानंद आत, बिरू परत गिरणीवर.

“प्यादं, ई सात,” बिरू बोलला. खुंटी बसली. आणखी एक घर, की वजीर. त्या भरात शब्द मोठ्यानं निसटला, “बराबर.”

राजानंदनं लगेच हात पुढं केला. “मंजूर. बरोबरी.”

चाल केल्यावर, घड्याळ दाबायच्या आधी. बरोबरी विचारायची वेळ तीच.

“न्हाई हो भाऊ. मी खुंटीला म्हणून राह्यलो.”

खुंटीशी बोलणारा माणूस आपण आजवर पाहिला नाही, शब्द फिरवता येणार नाही, असं राजानंदनं पंच वंदना मॅडमना ठणकावलं. मॅडमनी घड्याळ थांबवलं. चाली नोंदवायला बिरूच्या गळ्यात रेकॉर्डर होता, तो पहिल्यापासून लावला. घोडा, एफ तीन. पुसट ‘बराबर’. उंट, सी चार. पुन्हा तेच.

“म्हणजे हा गडी पहिल्या चालीपासनं बरोबरीच मागतोय की,” राजानंद म्हणाला.

ही खोड आहे, बरोबरीची मागणी नव्हे, म्हणत मॅडमनी डाव पुढं चालू ठेवला.

“दळण घरी दळा,” राजानंदनं बजावलं. “इथं नुसती चाल बोला.”

बिरूनं घड्याळाचा काटा चाचपला. त्याचं दीड मिनिट उरलं होतं. राजानंदनं वजिरानं शह दिला. बिरूनं राजा सरकवला, खालचा ओठ दातात धरला. दुसरा शह. तिसरा. खुंटीचं भोक चुकलं, परत शोधलं. राजा उंटाआड गेला अन् शह संपले.

आता ई सातचं प्यादं वजीर होणार, ते अडवायला राजानंदकडं काही उरलं नव्हतं.

“सोडला डाव,” राजानंद म्हणाला.

बिरूनं हात पुढं केला नाही. मॅडम, निकालाच्या कागदावर काय लिहिलं ते वाचा, म्हणाला. त्यांनी वाचलं, ‘बिरू विजयी’. त्यानं आणखी दोनदा वाचायला लावलं, आणि मंगच राजानंदचा हात शोधला.